रात्री तुमचं कुत्रं कुठे झोपतं?

खजुरीहून आळंदकडे जा किंवा राज्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रात उमरग्याकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेच दिसतं. काळं रान, तूर, हरभरा, ऊस, मधेच मुरमाड माळ, ओढ्याकाठची बाभळ आणि एकमेकींपासून लांब बसलेल्या शेतवस्त्या. दाट झाडी इथे नाही. त्यामुळे हिंस्र जनावरांचा त्रास म्हणजे जुन्नरचा, चंद्रपूरचा किंवा फार तर चिंचोळी अभयारण्याकडचा, अशी आपली समजूत असते. पण लांडग्याला झाडी लागतच नाही. त्याला उघडा माळ, खोल ओढा आणि शेळ्यामेंढ्या लागतात, आणि कलबुर्गी, बीदर, धाराशिव, सोलापूर या सगळ्या पट्ट्यात या तिन्हींना तोटा नाही. जोडीला कोल्हा, खोकड, तरस, रानमांजर आणि मुंगूस आहेतच. बिबट्याला तर उसाचा फड घरासारखा मानवतो. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरचा एक वाघ चालत चालत येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात येऊन पोचला आणि बार्शीच्या शिवारात त्याने जनावरं मारली. येडशी काही आपल्याला परमुलूख नाही.

ही जनावरं आपल्या शिवारात आजच आलेली नाहीत आणि उद्या जाणारही नाहीत. वस्तीवर कुत्रं, मांजर, चार कोंबड्या, दोन शेळ्या पाळणाऱ्याने एवढं पक्कं धरून चालावं आणि आपली व्यवस्था त्याप्रमाणे लावावी. हा लेख त्या व्यवस्थेबद्दल आहे.

सगळ्यात आधी एका अभ्यासाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा करून ते काय खातात हे तपासलं. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. बिबट्यांनी खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा माणसाने पाळलेल्या किंवा माणसाच्या आधाराने जगणाऱ्या जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. आता यातली खरी गोष्ट पुढे आहे. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या जवळपास सातपट होती. तरी शेळ्यांचा वाटा फक्त ११ टक्क्यांच्या आसपास. बिबट्याला शेळी आवडत नाही म्हणून असं झालं का? मुळीच नाही. शेळ्या रात्री गोठ्यात, घरात, दाराआड कोंडलेल्या असतात आणि कुत्री अंगणात, उकिरड्यावर, रस्त्यावर मोकळी फिरत असतात, एवढाच फरक.

जे जनावर दिवेलागणीला आत गेलं ते बहुधा सकाळी दिसतं. पट्टा, बॅटरी, फटाके या सगळ्याचा नंबर त्यानंतरचा आहे. तुमच्याकडे पैसे आणि वेळ एकाच कामापुरते असतील तर ते रात्रीच्या निवाऱ्यावर घाला.

साखळीचं कुत्रं

आपल्याकडची पद्धत अशी की कुत्रं राखणीसाठी पाळायचं आणि रात्री ते अंगणात, लिंबाखाली किंवा गोठ्याच्या तोंडाशी साखळीने बांधायचं. मोकळं सोडलं तर कुठेतरी भटकेल, बांधलं तर जागेवर राहील, असा त्यामागचा विचार. माझं स्पष्ट मत आहे की रात्री उघड्यावर बांधून ठेवणं ही कुत्र्यासाठी सगळ्यात वाईट तऱ्हा आहे. मोकळ्या कुत्र्याला पळता तरी येतं. बांधलेल्याला पळता येत नाही, लपता येत नाही, आणि भुंकून भुंकून आपली जागा मात्र ते चहूकडे कळवत राहतं. वनखातं बिबट्याला पकडायला पिंजरा लावतं तेव्हा आमिष म्हणून त्यात शेळी किंवा कुत्रंच ठेवतं. आपण रोज रात्री तेच करतो, फक्त पिंजऱ्याशिवाय.

लांडग्याचं थोडं वेगळं आहे. आपल्याकडचा लांडगा वजनाने साधारण वीस किलोचा, म्हणजे चांगल्या गावठी कुत्र्याएवढाच. पण तो एकटा क्वचित असतो. कुत्रं त्याला भक्ष्य म्हणून चालतंच, शिवाय आपल्या हद्दीत शिरलेला परका म्हणूनही तो त्याच्यावर तुटून पडतो. एका कुत्र्याने दोन-तीन लांडग्यांशी झुंज द्यावी ही अपेक्षा धरू नका.

बांधल्याशिवाय कुत्रं राखण कशी करणार, असं लोक विचारतात. राखणदार कुत्र्याचं काम आवाज देण्याचं आहे, लढण्याचं नाही. जाळीच्या दाराआडून ते तितकंच चांगलं भुंकतं, त्याला वास तितकाच येतो, आणि तुम्ही बॅटरी घेऊन बाहेर येईपर्यंत ते जिवंत असतं.

निवारा कसा असावा

मध्यम आकाराच्या कुत्र्याला चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच एवढी जागा पुरते. जागा घराच्या भिंतीला लागून निवडा, म्हणजे एका बाजूचं काम वाचतं आणि रात्री आवाज ऐकू येतो. भिंती विटांच्या किंवा सिमेंटच्या ब्लॉकच्या. तुराट्यांचा कुड घालू नका. तुराटीच्या कुडातून लांडगा दातांनी आणि पंजांनी वाट करतो, बिबट्याला तर तो कुड म्हणजे पडदाच. वरून पत्रा टाकणार असाल तर त्यावर नुसते दगड ठेवून भागत नाही. पत्रा अँगलला नट-बोल्टने आवळा. बिबट्या भिंतीवर चढतो, छतावरून पत्रा सरकवतो. शेळ्यांच्या गोठ्यात बाकी सगळं पक्कं आणि छताची एक बाजू उघडी, अशा ठिकाणी हमखास नुकसान होतं.

दार सगळ्यात महत्त्वाचं. लोखंडी चौकट आणि तिला वेल्ड केलेली जाड जाळी लावा. कोंबड्यांसाठी मिळते ती षट्कोनी पातळ जाळी इथे चालत नाही, ती ओढली की उसवते. कडी सरकवायची असावी आणि तिला आडवा खिळा. तारेचा पीळ मारून दार बंद करण्याची सवय सोडा, कारण अंधारात, पावसात, घाईत तो पीळ कधीतरी राहतोच.

जमिनीचं काम आपल्या भागात स्वस्तात होतं, कारण शहाबाद आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यात आहे. आत शहाबादी फरशी घाला, आणि मुख्य म्हणजे बाहेरूनही भिंतीला लागून सगळीकडे दोन फूट रुंदीची फरशीची पट्टी बसवा. उकरणारं जनावर नेहमी भिंतीच्या बुडाशी उकरायला लागतं. दोन फूट मागे सरकून तिथून भुयार काढावं हे त्याला सुचत नाही. फुटकी, तुकड्यांची फरशी यासाठी उत्तम. घरबांधणीतून उरलेली कोपऱ्यात पडलेली असते, तीच वापरा. मुरमाड जमिनीत ती बसवणं सोपं, पण काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडून फरशी उचलते, म्हणून खाली वीतभर मुरूम ठोकून घ्या.

हवेचा विचार विसरू नका. कलबुर्गीचा उन्हाळा बेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याखालची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते. समोरासमोर दोन झरोके ठेवून त्यांनाही तीच जाड जाळी लावा, पत्र्यावर कडबा किंवा तुराट्या पसरा. आत पाण्याचं भांडं असू द्या.

एवढं बांधणं शक्य नसेल तर कुत्र्याला पडवीत घ्या आणि पडवीला जाळीचं दार करा. तेही नसेल तर शेळ्यांच्या गोठ्यात ठेवा. लहानपणापासून सवय असेल तर शेळ्या आणि कुत्रं एकत्र छान राहतात. सवय लावायला मात्र वेळ द्यावा लागतो. पहिल्या दिवशी कुत्र्याला आत ढकलून कडी लावली तर ते रात्रभर ओरडेल आणि दुसऱ्या संध्याकाळी तुमच्या हाताला लागणार नाही. आधी दार उघडं ठेवून संध्याकाळची भाकरी आतच द्या. मग खाताना दार लोटा. मग हळूहळू कडी. थोड्या दिवसांत दिवेलागण झाली की ते आपण होऊन आत जाऊन बसतं.

धनगरांना यातलं काहीच लागू नाही, कारण त्यांचा मुक्काम रोज नव्या रानात. पण त्यांची जुनी पद्धत नीट पाहिली तर तत्त्व तेच आहे. मेंढरं एकत्र बसवायची, भोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायची, कोकरं आणि पिल्लं मधोमध, आणि माणसं चार कोपऱ्यांना झोपायची. कुत्री त्या कड्याच्या आत किंवा माणसाशेजारी. कळपाबरोबर दिवसा फिरणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असावा, कारण बिबट्या आणि लांडगा दोघांचीही पकड गळ्यावर असते. २०२५ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला शेतात जाणाऱ्या माणसांनी स्वतःच्या गळ्यात असे खिळ्यांचे पट्टे घातले होते. आपल्याकडे तशी वेळ आलेली नाही. पण पट्टा घालायचाच तर तो सैल नसावा, आतून चामड्याचं किंवा रबराचं अस्तर असावं, आणि वाढत्या कुत्र्याचा पट्टा दर महिन्याला तपासावा, नाहीतर तोच मानेत रुततो.

मांजरासाठी वेगळं काही बांधायची गरज नाही. त्याला रात्री घरात घ्या, इतकंच. उंदीर रात्रीच असतात म्हणून मांजर रात्री बाहेर हवं असं म्हणतात, पण घरातल्या कणगीभोवतीही उंदीर असतात आणि तिथे त्याचा उपयोग जास्त.

कोंबड्यांचे वैरी निराळे. रानमांजर आणि मुंगूस फटीतून शिरतात, म्हणून खुराड्याची जाळी बारीक हवी, एक इंचाहून मोठं भोक नको. मुंगूस आत शिरलं तर एक कोंबडी नेऊन थांबत नाही, आत कोंडलेल्या सगळ्यांना चावत सुटतं. खुराडं जमिनीपासून दोन-तीन फूट वर, चार पायांवर असेल तर बरं. डालग्याखाली कोंबड्या झाकून वर दगड ठेवणं हे दिवसा घारीपासून वाचवायला ठीक आहे, रात्री नाही.

वस्तीभोवती काय पडलेलं असतं

हिंस्र जनावर वस्तीवर पहिल्यांदा येतं ते बहुतेक वेळा कुत्र्यासाठी येत नाही, वासाने येतं. पोल्ट्रीतून फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या, ओढ्यात ओढून टाकलेलं मेलेलं वासरू, शेळी व्याल्यावर उकिरड्यावर टाकलेली वार, लग्नाच्या पंगतीचं उष्टं. या सगळ्यावर आधी गावातली मोकाट कुत्री गोळा होतात, मग कोल्हा, तरस येतात, आणि त्या कुत्र्यांच्या मागावर बिबट्या किंवा लांडगा. मेलेलं जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. वार गोठ्यापासून दूर पुरा. कुत्र्याला अंधार पडायच्या आत खाऊ घाला आणि उरलेलं उचला, रात्रभर ताटली अंगणात ठेवू नका.

उन्हाळ्यात पाण्याचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये ओढे आटले की जनावरांचा हौद हाच आसपासचा एकमेव पाणवठा उरतो, आणि तिथे रात्री सगळेच येतात. त्यांनी पाणी पिऊ नये असं मी म्हणणार नाही. पण हौद कुत्र्याच्या आणि शेळ्यांच्या जागेपासून लांब असावा, आणि अंधारात बाईमाणसांना, मुलांना तिथे जावं लागू नये. बांधकाम करताना हौद गोठ्याला चिकटून काढण्याची आपली सवय सोयीची आहे खरी, पण ती बदलायला हवी.

ऊस घराच्या भिंतीपर्यंत लावू नका. फड आणि वस्ती यांच्यामध्ये मोकळी पट्टी ठेवा आणि तिथलं गवत कापत राहा. उघड्यावरून चालत यायला बिबट्या कचरतो. शौचालय घराजवळ असेल, वाटेवर दिवा असेल, तर लहान मुलांचा धोकाही कमी होतो. जिथे बिबट्याचा वावर आहे असं कळलं आहे तिथे संध्याकाळनंतर मुलांना एकटं अंगणात सोडू नये, हे वेगळं सांगायला नकोच.

तूर काढणीच्या दिवसांत

दिवसाचा धोका कमी, पण वर्षातले काही आठवडे त्याला अपवाद आहेत. लांडग्यांची पिल्लं साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जन्मतात. तेव्हाच तुरीची काढणी असते, माणसं दिवसभर रानात, कुत्री त्यांच्यामागे. ओढ्याच्या दरडीत, माळावरच्या कपारीत, पडीक रानातल्या बिळात मादी पिल्लं घेऊन बसलेली असते आणि कुत्रं हुंगत तिथे पोचलं तर ती आणि तिच्या टोळीतले बाकीचे त्याला सोडत नाहीत. या दिवसांत कुत्र्याला ओढ्यात, पडीक माळावर भटकू देऊ नका, जवळ ठेवा. लांडगा दिवसाढवळ्या थोड्या अंतरावर उभा राहून तुमच्याकडे पाहत असेल, पुढे पुढे चालून तुम्हाला एका दिशेने नेत असेल, तर जवळपास पिल्लं आहेत असं समजा आणि आल्या वाटेने मागे फिरा.

रानात पिल्लं सापडली तर हात लावू नका. लांडग्याची लहान पिल्लं काळपट तपकिरी, कुत्र्याच्या पिल्लांसारखीच दिसतात आणि चांगल्या मनाने लोक ती घरी आणतात. मग रात्री मादी वस्तीवर येते. उसात सापडलेल्या बिबट्याच्या बछड्यांचंही तेच. जुन्नरकडे वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर बछडी परत त्याच जागी ठेवून आईशी भेट घडवतात, आणि आई बहुतेक वेळा त्याच रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. आपण फक्त तोड थांबवायची, बाजूला व्हायचं आणि वनखात्याला फोन करायचा.

आपल्या कुत्र्याकडून लांडग्याला

आतापर्यंत लांडग्यापासून कुत्रं कसं वाचवायचं ते पाहिलं. उलट दिशेचा धोका लोकांच्या डोळ्यांसमोर नसतो, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. सगळ्या देशात मिळून लांडगे तीन हजारांच्या आसपास असावेत असा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. वाघांच्या संख्येशी तुलना होईल इतकेच ते उरलेत. त्यांच्या अंगावर येणारे बरेचसे आजार कुत्र्यांचे आहेत. रेबीज आहे, आणि डिस्टेंपर आहे, ज्यात पिल्लांना ताप येतो, डोळ्या-नाकातून पू येतो, शेवटी झटके येतात. २०१८ मध्ये गीरमध्ये थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह मेले. त्यातल्या काहींमध्ये हाच डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता.

दुसरी गोष्ट संकराची. माजावर आलेली कुत्री मोकळी सुटली की तिच्यामागे गावातली कुत्री जातात, आणि जिथे लांडगे थोडे आणि विखुरलेले आहेत तिथे लांडगा आणि कुत्रं यांची जोडी जमू शकते. पुण्याजवळच्या माळरानावर असं संकरित जनावर असल्याचं जनुकीय तपासणीतून २०२३ मध्ये सिद्ध झालं. एकदा ही सरमिसळ पसरली की अस्सल लांडगा परत आणता येत नाही. म्हणून पिल्लं नको असतील तर कुत्रीची नसबंदी करून घ्या. कुत्र्याचीही करा, मग ते भटकतही कमी.

लशीचं वेळापत्रक अवघड नाही. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांनी तिचा दुसरा डोस. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि मग दरवर्षी दोन्ही. तारीख वहीत लिहा, किंवा घरात गॅसच्या टाकीची तारीख जिथे लिहिता तिथे. मांजरालाही रेबीजची लस लागते, हे आपल्याकडे फार थोड्या घरांत माहीत असतं.

दिवसाउजेडी वस्तीत शिरलेला, माणसाला न भिणारा, समोर येईल त्याला चावत सुटणारा लांडगा किंवा कोल्हा पिसाळलेला असण्याची शक्यता मोठी. त्याला घेरायला जाऊ नका. तो ज्या ज्या जनावराला चावला असेल ते वेगळं बांधा आणि त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. चावल्यानंतरही जनावराला लशी देता येतात, पण वेळ घालवून चालत नाही. त्याच्या तोंडात हात घालून काही अडकलंय का पाहणं, लाळ पुसणं, कच्चं दूध पिणं हे सगळं टाळा.

माणसाला चावा किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रानटी जनावराने रक्त काढलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचावं लागतं, ते आहे का हे विचारून घ्या आणि नसेल तर कुठे मिळेल तिकडे लगेच निघा. कातडीत द्यायच्या लशीचा पहिला डोस घेतला तो दिवस शून्य धरायचा, पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. बरं वाटतंय म्हणून शेवटचा डोस सोडू नका.

नुकसान झालंच तर

सकाळी जनावर मेलेलं दिसलं की पहिली घाई ते उचलून टाकायची होते. तसं करू नका. आधी माणसं आणि कुत्री बाजूला करा, मग जमिनीकडे पाहा. धुळीत किंवा ओल्या मातीत ठसा मिळाला तर त्याच्यावर घमेलं पालथं घाला, म्हणजे वनरक्षक येईपर्यंत तो मोडत नाही. शेजारी काडीपेटी ठेवून मोबाइलवर फोटो काढा.

ठशात नखांच्या खुणा असतील तर तो कुत्रा, लांडगा, कोल्हा किंवा तरस. नखं नसतील आणि ठसा गोल असेल तर मांजराच्या कुळातला, मोठा असेल तर बिबट्या. लांडग्याचा ठसा मोठ्या कुत्र्यासारखाच दिसतो, पण त्याची चाल पाहा. लांडगा सरळ रेषेत जातो, मागचा पाय पुढच्याच ठशावर पडतो. कुत्रं इकडेतिकडे हुंगत वळणं घेतं. तरसाचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा स्पष्ट मोठे असतात. गळ्यावर दातांची नेमकी भोकं आणि ओढत नेल्याची खूण असेल तर बिबट्याचा संशय घ्या. मांड्या, कान, शेपटी ठिकठिकाणी फाटलेली आणि अंगभर जखमा असतील तर बहुतेक गावातल्या मोकाट कुत्र्यांचं काम. लांडग्याच्या नावावर जमा होणाऱ्या शेळ्यांतल्या कितीतरी या कुत्र्यांनी मारलेल्या असतात, आणि चुकीचा आरोपी ठरला की उपायही चुकीचा होतो.

१९२६ ही वनखात्याची मदतवाहिनी कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही. सीमेवर मोबाइल कुठल्या बाजूचा टॉवर पकडेल सांगता येत नाही, म्हणून फोन लागताच आधी राज्य, मग तालुका, मग गाव सांगा. जनावर ज्या शिवारात मेलं तिथलंच वनखातं पंचनामा करतं, तुमचं घर कुठल्या बाजूला आहे याने फरक पडत नाही. आपण बिबट्यालाही सरसकट वाघ म्हणतो, कागदावर मात्र जे दिसलं तेच नेमकं लिहून घ्या. पशुवैद्याचा दाखला घ्या, जखमी जनावरासाठी १९६२ वर फोन केला तर फिरता पशुदवाखाना येतो. सरकारी भरपाई पशुधनासाठी आहे. कुत्र्या-मांजरासाठी ती मिळत नाही. तरी कुत्रं मारलं गेलं तर कळवाच, कारण त्या नोंदीवरूनच खात्याला त्या भागात काय फिरतंय ते समजतं.

रागाच्या भरात मेलेल्या शेळीवर थिमेट टाकणं, फासे लावणं, कुंपणात करंट सोडणं असे प्रकार होतात. लांडगा आणि बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना मारलं तर तुरुंगवास आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी विषाने आधी मरतं ते तुमचं आणि शेजाऱ्याचं कुत्रं, मग गिधाडं, घारी. कुंपणातल्या करंटने तर रात्री पाणी द्यायला गेलेली माणसं मेली आहेत. कर्नाटक सरकारने कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला खास लांडग्यांसाठी अभयारण्य केलं आहे. आपल्या माळावरच्या टोळीला असं अभयारण्य नाही. तिचं जगणं आपल्यावर आहे.

एका वस्तीने निवारा बांधला आणि बाकीच्यांची कुत्री मोकळीच राहिली तर लांडग्याचं येणं थांबत नाही, तो पुढच्या वस्तीवर जातो. लशीचंही तसंच. म्हणून गावाने मिळून करायचं एक काम आहे. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो आणि त्या सुमारास पशुसंवर्धन खातं ठिकठिकाणी मोफत लसीकरण करतं. आपल्या वस्त्यांवर किती कुत्री आणि मांजरं आहेत याची घरवार यादी करा, तिच्यासोबत ग्रामपंचायतीचा ठराव जोडा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ऑगस्टमध्येच अर्ज द्या. शिबिराची जागा आणि वेळ अशी मागा की शेतावरून येणाऱ्यांना जमेल. दिवस आठवडी बाजाराचा नको, त्या दिवशी वस्तीवर कुत्रं धरायला कोणी नसतं.